फुकटात पाय वाचलेल्या पोरानं कॅनडाला मोफत उपचार दिले, पण फॅमिली डॉक्टरसाठीची रांग अजून संपली नाही

पुण्या-मुंबईतून कॅनडात जाऊन स्थायिक झालेल्या कुणाशीही बोला. थंडी, घरभाडं आणि नोकरी यांच्या पाठोपाठ एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे फॅमिली डॉक्टर.

तिकडं डॉक्टरला दाखवायला खिशातून एक डॉलरही काढावा लागत नाही. सरकारी हेल्थ कार्ड पुढं केलं की झालं काम. पण ते कार्ड घेऊन जायचं कुणाकडं? कारण अनेक फॅमिली डॉक्टरांकडं नवीन पेशंट घेणं बंद असतं. नाव नोंदवायचं, वेटिंग लिस्टमध्ये थांबायचं आणि तोपर्यंत ताप आला तर वॉक-इन क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत तासन्तास बसायचं.

२०२३ साली कॅनडातल्या एका देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यातला अंदाज असा होता की सुमारे ६५ लाख प्रौढ लोकांना स्वतःचा असा फॅमिली डॉक्टरच नाही. देशाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास. म्हणजे तेव्हा दर पाच प्रौढ माणसांमागे एकाहून जास्त माणसांकडं कार्ड होतं, पण डॉक्टर नव्हता.

आता गंमत बघा. याच देशात २००४ साली सरकारी वाहिनी सीबीसीनं लोकांकडून मतं मागवली होती. प्रश्न होता, आजवरचा सगळ्यात महान कॅनेडियन कोण? यादीत टेलिफोनवाले ग्रॅहम बेल होते, इन्सुलिन शोधणारे बँटिंग होते, पंतप्रधान पिअर ट्रुडो होते, आइस हॉकीचा देव मानला जाणारा वेन ग्रेट्स्की होता. या सगळ्यांना मागं टाकून पहिला नंबर आला तो टॉमी डग्लस यांचा. हा माणूस देशाचा पंतप्रधान कधीच झाला नव्हता. लोकांनी त्याला मतं दिली ती एकाच कारणासाठी. डॉक्टरचं बिल सरकारनं भरायचं, ही व्यवस्था त्यानं आणली.

मग ज्या देशानं असा माणूस डोक्यावर घेतला, तिथंच डॉक्टर का मिळेना? हे समजून घ्यायचं तर टॉमी डग्लस यांची गोष्ट पहिल्यापासून बघावी लागते.

सहा वर्षांचं पोर आणि सडत चाललेलं हाड

टॉमी डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावातला. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामगार. लहान असताना टॉमी पडला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला मार लागला. जखम वरवर साधी दिसत होती, पण आत हाडाला संसर्ग झाला. वैद्यकीय भाषेत याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. तेव्हा अँटिबायोटिक्स आलेली नव्हती. त्यामुळं हाड उघडायचं, खरवडायचं आणि पुन्हा शिवायचं, एवढाच उपाय. घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्लोरोफॉर्म देऊन त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं.

१९१० साली हे कुटुंब कॅनडातल्या विनिपेग शहरात आलं. पाय काही बरा झाला नव्हता. दुखणं परत उफाळलं आणि टॉमीला हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं की पाय कापावा लागेल.

चांगला सर्जन गाठायचा तर पैसे लागणार होते आणि ते कुटुंबाकडं नव्हते. तेवढ्यात एका हाडांच्या नामांकित सर्जनचं या पोराकडं लक्ष गेलं. त्यांना आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला अशी केस हवी होती. विद्यार्थ्यांना ऑपरेशन बघू दिलं तर एकही पैसा घेणार नाही, असं त्यांनी टॉमीच्या आईवडिलांना सांगितलं. ते लगेच तयार झाले. पाय वाचला.

डग्लस आयुष्यभर हा किस्सा सांगत राहिले. त्या डॉक्टरांबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता होतीच. पण मोठं झाल्यावर त्यांना खटकायला लागली ती वेगळीच गोष्ट. तो डॉक्टर त्या दिवशी त्या वॉर्डातून गेला नसता तर? त्याच वॉर्डातल्या बाकीच्या पोरांचं काय झालं असेल? श्रीमंताच्या पोराचा पाय पैशानं वाचतो आणि गरिबाचा नशिबानं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधीच गेली नाही.

छपाईचा कारखाना, बॉक्सिंगची रिंग आणि चर्च

पहिल्या महायुद्धात वडील लढायला गेले, तेव्हा आई पोरांना घेऊन ग्लासगोला परतली. तिथं टॉमीनं न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गालाला साबण लावण्यापासून कामं केली. युद्ध संपल्यावर कुटुंब पुन्हा विनिपेगला आलं.

१९१९ साली विनिपेगमध्ये मोठा सार्वत्रिक संप झाला. २१ जून रोजी पोलिसांनी संपकऱ्यांच्या जमावावर गोळीबार केला, माणसं मेली. चौदा वर्षांचा टॉमी हे सगळं एका इमारतीच्या छपरावरून बघत होता.

पुढं त्यानं छापखान्यात उमेदवारी केली. जोडीला बॉक्सिंगचा नाद लागला. ज्याचा पाय कापायची वेळ आली होती, तो गडी १९२२ आणि १९२३ अशी सलग दोन वर्षं मॅनिटोबा प्रांताचा लाइटवेट चॅम्पियन झाला. त्या नादात नाक मोडलं, दातही गेले.

त्यानंतर ब्रँडन कॉलेजात शिक्षण घेऊन डग्लस बाप्टिस्ट पंथाचे पाद्री झाले. १९३० साली इर्मा डेम्प्सी यांच्याशी लग्न झालं आणि हे जोडपं सस्कॅचवान प्रांतातल्या वेबर्न गावात आलं.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकन सिरीज ‘२४’मधला जॅक बावर, म्हणजे अनिल कपूरनं हिंदी रिमेकमध्ये केलेला रोल ज्याचा होता तो किफर सदरलँड, हा टॉमी डग्लस यांचा नातू. त्यांची मुलगी शर्ली हिचा मुलगा.

दुष्काळातलं वेबर्न

डग्लस वेबर्नला पोचले ते सगळ्यात वाईट काळात. जगभर मंदी होती आणि सस्कॅचवानमध्ये त्यावर दुष्काळाची भर पडली होती. गव्हाचा भाव कोसळला. पाऊस नाही, शेतातली माती वाऱ्यानं उडून जायची. शेतकऱ्याकडं बियाण्याला पैसे नव्हते, तिथं डॉक्टरला कुठून देणार?

गावातल्या पाद्र्याचं काम लग्नं लावायचं, तसंच अंत्यविधी करायचंही. तिशीतल्या दोन तरुण माणसांचे अंत्यविधी डग्लस यांच्या कायम लक्षात राहिले. दोघांच्याही घरी लहान पोरं होती. जवळ डॉक्टर नव्हता आणि लांबच्या डॉक्टरकडं जायला पैसे नव्हते, म्हणून ते गेले.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. त्या माणसांच्या आड दोन अडचणी आल्या होत्या. एक, पैसे नव्हते. दुसरी, डॉक्टरच जवळ नव्हता. पुढच्या सगळ्या गोष्टीत या दोन अडचणी वेगवेगळ्या वाटांनी जातात.

याच काळातली डग्लस यांची एक चूकही सांगायला पाहिजे. १९३३ साली त्यांनी मॅकमास्टर विद्यापीठात एमएचा प्रबंध दिला. त्यात त्यांनी तेव्हा फॅशनमध्ये असलेल्या युजेनिक्स विचाराची बाजू घेतली होती. म्हणजे ज्यांना समाज कमी प्रतीचं ठरवतो त्यांना मुलं होऊ नयेत म्हणून नसबंदी करावी, असला भयंकर विचार. पुढं ते या विचारापासून पूर्ण लांब गेले. सत्तेत आल्यावर नसबंदीच्या कायद्याची शिफारस त्यांच्यासमोर आली, तेव्हा ती त्यांनी नाकारली. पण प्रबंध लिहिला होता हे खरंच आहे आणि त्यांच्यावरची टीका आजही तिथून सुरू होते.

नुसत्या प्रार्थनेनं आणि जुने कपडे वाटून काही होणार नाही, हे वेबर्ननं त्यांना शिकवलं. ते शेतकरी-कामगारांच्या नव्या समाजवादी पक्षात, म्हणजे को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन उर्फ सीसीएफमध्ये गेले. १९३४ची प्रांतिक निवडणूक हरले, १९३५ची संसदेची जिंकले.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले आणि हाँगकाँगला जाणाऱ्या तुकडीसोबत जायची तयारी झाली होती. पण तपासणीत तोच जुना पाय आडवा आला आणि ते मागं राहिले. ती तुकडी डिसेंबर १९४१मध्ये हाँगकाँगमध्ये जपान्यांच्या तावडीत सापडली. कित्येक सैनिक मेले, उरलेले कैदेत गेले.

गावानं वर्गणी काढून डॉक्टर ठेवला

आता थोडं मागं जाऊ. कारण डग्लस यांनी सगळं शून्यातून उभं केलं असं नाही.

सस्कॅचवान म्हणजे प्रचंड पसरलेला सपाट प्रदेश आणि त्यात विखुरलेली छोटी गावं. अशा ठिकाणी डॉक्टर टिकायचा नाही. लोकांकडं पैसे फक्त पीक निघाल्यावर यायचे आणि पीक बुडालं की डॉक्टरचं उत्पन्नही बुडायचं. १९१५च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण पालिकेतला डॉक्टर गाव सोडून निघाला. तेव्हा पालिकेनं डोकं लावलं. कराच्या पैशातून त्याला वर्षाला ठराविक रक्कम देऊ केली. डॉक्टर थांबला.

बाकीच्या गावांनीही तेच सुरू केलं. प्रांत सरकारनं कायदा करून याला मान्यता दिली. याच लोकांना पुढं म्युनिसिपल डॉक्टर म्हणायला लागले. यात पेशंट आला तरच पैसे असा प्रकार नव्हता. गावात राहायचं, गाव सांभाळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. शेतकऱ्यांनी पैशाची आणि डॉक्टर जवळ नसण्याची अशा दोन्ही अडचणी एकाच उपायात सोडवल्या होत्या. मंदीच्या काळात या पद्धतीनं कित्येक गावांत डॉक्टर टिकून राहिला.

सत्ता आली आणि आरोग्य खातं स्वतःकडं ठेवलं

जून १९४४मध्ये सीसीएफनं सस्कॅचवानमध्ये ५२पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं समाजवादी सरकार मानलं जातं. डग्लस प्रीमियर झाले, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद. आरोग्य खातं त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही, स्वतःकडंच ठेवलं.

पहिलं काम म्हणजे त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकाच्या इतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना बोलावलं. प्रांतात फिरून काय करायला पाहिजे ते सांगा म्हणाले. सिगरिस्ट यांनी काही आठवड्यांत अहवाल दिला. त्यात प्रांताचे आरोग्य विभाग पाडायचे, गावोगावी आरोग्य केंद्रं आणि छोटी रुग्णालयं काढायची, प्रतिबंधावर भर द्यायचा, जास्त डॉक्टर तयार करायचे अशी सगळी आखणी होती.

इथं गोष्टीला एक नाशिककर भेटतो. हेच सिगरिस्ट सस्कॅचवानचं काम आटोपून त्याच वर्षाच्या शेवटी भारतात आले, ते भोर समितीला सल्ला द्यायला. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडू नये, असं भोर समितीनं १९४६च्या अहवालात मांडलं. सुरुवातीला दर ४० हजार लोकांमागं दोन डॉक्टर असलेलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र उभारावं, असा आराखडा दिला. आपल्या तालुक्यातलं पीएचसी म्हणतो ते तिथूनच आलं. थोडक्यात, सस्कॅचवान आणि महाराष्ट्राच्या खेड्यांचा विचार एकाच वर्षी एकाच माणसाच्या डोक्यातून गेला होता.

पाच डॉलरमध्ये हॉस्पिटल

डग्लस यांनी कामं भराभर सुरू केली. कॅन्सरचे उपचार मोफत केले. पेन्शनवर जगणाऱ्यांना डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल मोफत केलं. १९४६मध्ये सरकारी हवाई अॅम्ब्युलन्स सुरू झाली. बर्फात अडकलेल्या शेतातल्या वस्तीवरून छोटं विमान पेशंटला उचलून शहरात आणायला लागलं.

१ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट या भागात एक प्रयोग सुरू झाला. तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की सगळ्यांनी कर भरायचा आणि त्यातून सगळ्यांचं हॉस्पिटल आणि डॉक्टर दोन्ही भागवायचं. उत्तर अमेरिकेत असं पहिल्यांदाच होत होतं. बिल नक्की मिळणार हे कळल्यावर त्या भागात यायला डॉक्टरही तयार झाले.

मग १ जानेवारी १९४७पासून अख्ख्या प्रांतात हॉस्पिटलचा विमा लागू झाला. माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर. उरलेलं सरकार घालणार. हॉस्पिटलमध्ये दाखल होऊन माणूस कर्जबाजारी होण्याचे दिवस तिथं संपले.

डॉक्टरांच्या फीचा विमा मात्र डग्लस यांनी लगेच आणला नाही. आधी प्रांतावरचं कर्ज कमी करायचं, हॉस्पिटलं बांधायची, सॅस्काटूनमध्ये वैद्यकीय शिक्षणाची सोय उभी करायची, असा त्यांचा हिशोब होता. समाजवादी नेता म्हटलं की लोकांना उधळपट्टी आठवते, पण हा माणूस पैशाच्या बाबतीत एकदम काटेकोर. १९५७मध्ये केंद्रात हॉस्पिटल विम्याचा निम्मा खर्च उचलणारा कायदा झाला आणि सस्कॅचवानचा बराच पैसा मोकळा झाला. १९५९च्या डिसेंबरमध्ये डग्लस यांनी जाहीर केलं की आता डॉक्टरची फीसुद्धा सरकार भरणार.

आणि इथून खरी लढाई सुरू झाली.

२३ दिवस डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले

डॉक्टरांच्या संघटनेचा याला कडाडून विरोध होता. सरकार पैसे देणार म्हणजे सरकार हुकूमही सोडणार, कुठं बसायचं, कुणाला तपासायचं हे मंत्रालयातून ठरणार, अशी त्यांना भीती होती. १९६०ची निवडणूक याच एका मुद्द्यावर झाली. डॉक्टरांनी वर्गणी काढून विरोधात प्रचार केला. ही योजना आली तर चांगले डॉक्टर प्रांत सोडून जातील असं लोकांना सांगितलं गेलं. तरीही डग्लस पुन्हा बहुमतानं निवडून आले.

नोव्हेंबर १९६१मध्ये कायदा झाला. पण त्याच महिन्यात डग्लस यांनी प्रीमियरपद सोडलं. सीसीएफ आणि कामगार संघटना एकत्र येऊन न्यू डेमोक्रॅटिक पार्टी नावाचा देशपातळीवरचा पक्ष तयार झाला होता आणि त्यांना त्याचं नेतृत्व करायचं होतं. कायदा त्यांचा, पण तो राबवायची वेळ आली त्यांच्या जागी आलेल्या वुड्रो लॉइड यांच्यावर.

लोक किती चिडले होते ते जून १९६२मध्ये दिसलं. केंद्रातल्या निवडणुकीत डग्लस सस्कॅचवानच्या राजधानीतून, रेजायनातून उभे होते. तिथं ते पडले.

१ जुलै १९६२ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मोजक्या हॉस्पिटलांत फक्त तातडीची सेवा ठेवली होती. पहिल्याच दिवशी मेनिंजायटिस झालेल्या नऊ महिन्यांच्या एका बाळाला घेऊन आईवडील डॉक्टर शोधत फिरले. बाळ वाचलं नाही. दोन्ही बाजूंना याचा हादरा बसला.

सरकारनं ब्रिटनमधून डॉक्टर आणले. सॅस्काटून, रेजायना, प्रिन्स अल्बर्ट अशा ठिकाणी लोकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे दवाखाने सुरू केले. आपण शेतमालाची सोसायटी काढतो तशी ही दवाखान्याची सोसायटी. दुसरीकडं आमचे डॉक्टर वाचवा म्हणत लोकांच्या समित्या रस्त्यावर उतरल्या. ११ जुलैला रेजायनात विधिमंडळासमोर त्यांनी प्रचंड मोर्चाची तयारी केली होती, पण लोक अपेक्षेपेक्षा खूपच कमी आले. तिथून संपाचा जोर ओसरला.

लॉर्ड टेलर नावाचे ब्रिटिश डॉक्टर-राजकारणी मध्यस्थ म्हणून आले. संपकरी डॉक्टर आणि मंत्र्यांच्या मध्ये ते निरोप घेऊन फिरले आणि २३ जुलैला सॅस्काटूनमध्ये समझोता झाला. २३ दिवसांचा संप मिटला. योजना टिकली.

समझोत्यात काय मिळालं आणि काय सुटलं

आता हा समझोता जरा बारकाईनं बघायला पाहिजे, कारण आजच्या रांगेचं एक मूळ त्यात आहे.

लोकांना हवं ते मिळालं. डॉक्टरचं बिल सरकार भरणार, प्रत्येकाचं, कुणी गरीब-श्रीमंत नाही. डॉक्टरांनाही हवं ते मिळालं. ते सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखाना स्वतःचा, जागा स्वतःच्या पसंतीची, आणि पैसे दर तपासणीमागं. एक पेशंट बघितला, एक बिल पाठवलं. काही वर्षांत बहुतेक डॉक्टरांना ही पद्धत आवडायलाही लागली, कारण आता उधारी बुडत नव्हती.

पण म्युनिसिपल डॉक्टरच्या वेळची जी कल्पना होती, एका गावाची जबाबदारी घ्यायची आणि त्याचा पगार घ्यायचा, ती मागं पडली. बिल कोण भरणार याचं उत्तर कायद्यात आलं. डॉक्टर कुठं असणार, किती असणार आणि एका माणसाला कायमचा एक डॉक्टर कसा मिळणार, याचं उत्तर त्यात आलं नाही.

हेच मॉडेल पुढं देशभर गेलं. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगानं १९६४मध्ये अशीच योजना देशाला सुचवली. लेस्टर पिअरसन यांच्या अल्पमतातल्या सरकारनं १९६६मध्ये कायदा केला. डग्लस तेव्हा ब्रिटिश कोलंबियातून खासदार होते आणि संसदेत पाठपुरावा करत होते. १९७२पर्यंत सगळे प्रांत आणि प्रदेश योजनेत आले.

डग्लस यांना मात्र काम पूर्ण झालंय असं वाटत नव्हतं. १९७९मध्ये संसद सोडल्यावरही ते भाषणांतून एकच सांगत राहिले, की मेडिकेअरचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधून पैसा बाजूला काढायचा. दुसरा टप्पा जास्त अवघड, तो म्हणजे सेवा द्यायची पद्धतच बदलायची. डॉक्टर, नर्स, समुपदेशक यांनी एका छताखाली टीम म्हणून काम करायचं, आजार होऊ नये यासाठी आधीच झटायचं, तपासण्यांच्या संख्येवर पैसे देणं कमी करायचं. हे केलं नाही तर खर्च वाढत जाईल आणि मग योजनाच नको म्हणणारे लोक पुढं येतील, असा त्यांचा इशारा होता.

१९८४मध्ये पेशंटकडून वरचे पैसे उकळण्याला चाप लावणारा कॅनडा हेल्थ अॅक्ट झाला, तो त्यांनी बघितला. २४ फेब्रुवारी १९८६ला ओटावात कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. वय होतं ८१.

मग फॅमिली डॉक्टर कुठं गेले?

डग्लस गेल्यानंतरची गोष्ट थोडक्यात अशी.

१९९०च्या दशकात सरकारांना वाटलं की देशात डॉक्टर जास्त झालेत. पैसे वाचवायचे होते, म्हणून वैद्यकीय कॉलेजांच्या जागा सुमारे १० टक्क्यांनी कमी केल्या. डॉक्टर तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. त्यामुळं त्या निर्णयाचा फटका बसायला लागला तोवर लोकसंख्या वाढली होती आणि म्हातारीही झाली होती.

दुसरं कारण पैशाच्या पद्धतीत आहे. दर तपासणीमागं ठराविक फी असेल, तर सर्दी-खोकल्याचे दहा पेशंट बघणं परवडतं. शुगर, बीपी, गुडघेदुखी आणि नैराश्य असं सगळं एकत्र असलेल्या आजींना अर्धा तास देणं परवडत नाही. वर दवाखान्याचं भाडं, रिसेप्शनिस्टचा पगार, कॉम्प्युटर हे सगळं त्याच फीमधून भागवायचं. संध्याकाळी घरी जाऊन रिपोर्ट आणि फॉर्म भरत बसायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नव्यानं डॉक्टर झालेली पोरं हे बघतात आणि स्पेशालिस्ट व्हायला जातात.

याचा परिणाम सगळ्या साखळीवर होतो. तिकडं स्पेशालिस्टकडं जायला साधारणपणे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते. डॉक्टरच नाही तर चिठ्ठी कोण देणार? नेहमीच्या गोळ्या बदलून कोण देणार? कॅन्सरची तपासणी करायची वेळ झाली हे कोण आठवण करणार? मग साधा आजार वाढून इमर्जन्सीत पोचतो आणि तिथली रांग आणखी लांबते.

एकाच डॉक्टरकडं वर्षानुवर्षं जाण्यानं काय फरक पडतो हे नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात मोजलं गेलंय. ज्यांचा फॅमिली डॉक्टर १५ वर्षांपेक्षा जास्त काळ तोच होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशानं कमी दिसलं. डॉक्टर नवीन असलेल्यांशी ही तुलना होती. आपल्या घरातल्या चार पिढ्या ओळखणारा गल्लीतला डॉक्टर किती मोलाचा असतो, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. फक्त तो डॉक्टर आपल्याकडच्या गल्ल्यांतूनही कमी होत चाललाय.

कॅनडात आता काही ठिकाणी बदल सुरू झालेत. ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं फेब्रुवारी २०२३पासून फॅमिली डॉक्टरांना नवा पर्याय दिला. त्यात डॉक्टरनं दिलेला वेळ, तपासण्या, त्याच्याकडं नोंदलेले पेशंट आणि त्यांचे आजार किती गुंतागुंतीचे आहेत, हे सगळं धरून पैसे मिळतात. रिपोर्ट बघत बसलेल्या वेळेचेही. नर्स प्रॅक्टिशनर आणि टीमनं चालणारे दवाखाने वाढवायचे प्रयत्नही चालू आहेत. आणि १९६२च्या संपात लोकांनी सोसायटी काढून उभा केलेला सॅस्काटूनचा सहकारी दवाखाना आजही चालू आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक असं सगळं एका छताखाली.

म्हणजे डग्लस ज्याला दुसरा टप्पा म्हणायचे, त्याला कॅनडानं पन्नास-साठ वर्षांनी हात घातलाय.

वेबर्नमधली ती दोन तरुण माणसं गेली तेव्हा पैसेही नव्हते आणि डॉक्टरही जवळ नव्हता. आज तिथं पैशामुळं डॉक्टर अडत नाही आणि याचं श्रेय टॉमी डग्लस यांच्याकडंच जातं. दुसरी अडचण लाखो लोकांपुढं अजून तशीच आहे.